छावणी उठल्यावर

सोलापूरच्या आमच्या घरात इतिहास तिघांनी सांगितला. थोरल्या आईनं, म्हणजे माझ्या पणजीनं, मार्शल लॉ सांगितला. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, लष्कर सांगितलं. कल्याणला दिलेल्या आत्यानं उल्हासनगरच्या बराकी सांगितल्या. तिघांच्याही गोष्टींत सैन्य असायचं, लढाई मात्र क्वचितच. त्यांना ओढ असायची ती सैन्य निघून गेल्यानंतरच्या दिवसांची. रिकाम्या भिंतींत कोण शिरलं, कोणी चूल मांडली, कोणी ऐरण मांडली, भाडं कोणाला दिलं आणि कागद कोणी केलाच नाही. त्या गोष्टी ऐकत वाढल्यामुळं माझं एक मत पक्कं झालं आहे आणि ते सांगण्यासाठीच हा लेख आहे. सार्वजनिक मालकीची जुनी वास्तू हातानं काम करणाऱ्या माणसाला रीतसर कागद करून, परवडणाऱ्या भाड्यानं दिली, तरच ती गावाची होते.

आबांची गोष्ट नेहमी किल्ल्यापासून सुरू व्हायची. सोलापूरचा भुईकोट बहमनी काळातला. पुढं आदिलशाही आणि निजामशाही त्याच्यासाठी भांडत राहिल्या, चांदबीबीच्या लग्नात तो आंदण दिला गेला, मोगल आले, मराठे आले. १८१८ च्या मे महिन्यात दुसऱ्या बाजीरावाची उरलीसुरली फौज गणपतराव पानशांच्या हाताखाली याच किल्ल्याच्या आडोशाला उभी होती. जनरल मन्रो चालून आला. आधी पेठ पडली, मग काही दिवसांत किल्ला पडला. इंग्रजांनी किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या माळावर छावणी घातली. अधिकाऱ्यांचे बंगले उठले, शिपायांच्या लाइनी उठल्या, त्यांच्या पोटापाण्यासाठी सदर बझार वसला. आजही सोलापूरकर लष्कर, सदर बझार, मोदी, रेल्वे लाइन्स ही नावं पत्ता सांगताना सहज घेतो. पलटण दिसत नाही, तिनं घातलेली वस्ती दिसते.

१८३८ मध्ये सोलापूरचा जिल्हा झाला, १८५२ मध्ये नगरपालिका आली, १८६० मध्ये आगगाडी आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छावणी आटत गेली आणि तिच्या जुन्या हद्दीतला बराच भाग नगरपालिकेच्या हद्दीत आला. यामागचं कारण आबा आपल्या परीनं सांगायचे. आगगाडी आल्यावर पुण्याची फौज हवी तेव्हा इकडं आणता येऊ लागली, मग माळावर घोडी कशाला पोसायची? कारण तेवढं एकच होतं की आणखी काही, हे इतिहासकार सांगतील. आबांना महत्त्व होतं ते पुढच्या गोष्टीचं. पलटण गेली, पण तिच्याबरोबर आलेली माणसं गेली नाहीत.

"पलटण म्हंजे नुस्ती बंदूक न्हवं बे," ते म्हणायचे. "बूट शिवायला मोची लागतो, नाल ठोकायला नालबंद, पाण्याला भिस्ती, पावाला भट्टीवाला, कापडाला शिंपी नि धोबी. बंदुकीवाला एक, तर त्येच्यामागं हात धा. बंदूक गेली. हात हितंच राह्यले."

लष्करातल्या मोची, लोधी, कामाठी, मुसलमान, ख्रिस्ती घरांतली म्हातारी माणसं आपले पूर्वज कोणत्या ना कोणत्या पलटणीच्या मागोमाग आल्याचं सांगत. तेलुगू, कन्नड, दखनी, मराठी अशा चारही बोली एका गल्लीत ऐकू येण्याचं एक कारण हेही असावं. दुसरं मोठं कारण गिरण्या. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली जुनी मिल, सुरू झाली. मग लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू, जाम मिल. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, हातमाग आले, मग यंत्रमाग. छावणीच्या मागे उरलेले हात आणि गिरणीसाठी आलेले हात एकमेकांना भेटले. नाल ठोकणाऱ्याच्या नातवाला मागाचे लोखंडी सुटे भाग घडवता येऊ लागले.

आबांचा कारखाना याच भेटीतून जन्मलेला. सोलापुरात कारखाना म्हटलं की धुराडं डोळ्यांसमोर आणायचं नसतं. चार माग असलेली पडवीसुद्धा कारखानाच. आबांकडं तर मागही नव्हता. ते जॅकार्डची कार्डं मारायचे, म्हणजे नक्षीचे पुठ्ठे पाडायचे. चादरीवर मोर हवा असेल तर तो आधी चौकटीच्या कागदावर उतरवायचा. प्रत्येक चौकट म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एक गाठभेट. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेकीला एक पुठ्ठा. भोक असेल तिथं मागावरचा उभा धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथं तो खालीच राहतो. एका मोठ्या नक्षीला शेकड्यांनी पुठ्ठे लागतात, कधी हजाराच्या वर. ते क्रमानं दोरीत ओवायचे. ओवण्याचं काम आजी करायची. एक पुठ्ठा मागंपुढं झाला की मोराच्या मानेत तुटका रंग यायचा आणि चादरीचा मालक दारात उभा राहायचा.

हे काम कारागिरीचं की कलेचं, असा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडला नाही. चौकटीच्या कागदावर मोर काढणारा हात चित्रकाराचा असावा लागतो आणि भोक पाडणारा हात सुताराइतका नेमका. आबांचे उस्ताद एक तेलुगूभाषक पद्मशाली गृहस्थ होते. देवादिकांच्या, पुढाऱ्यांच्या तसबिरी मागावर विणून भिंतीवर लावायची जी सोलापूरची परंपरा आहे, तिच्यात त्यांचा हात मुरलेला. त्यांनी आबांना शिकवलं की चेहरा रेषेनं काढायचा नाही, सावलीनं काढायचा, कारण धाग्याला रेष जमत नाही.

त्या कारखान्याची जागा म्हणजे लष्करातली एक लांबलचक खोली. आबा तिला पागा म्हणायचे. भिंती हातभर जाडीच्या, दगड-चुन्यातल्या. छप्पर उंच, लाकडी तुळयांवर कौलं. खाली शहाबादी फरशी. भिंतीत ठरावीक अंतरावर लोखंडी कड्या रुतवलेल्या. "हितं घोडी बांधायचे," आबा कडी हलवून दाखवायचे. ती खरोखर पलटणीची पागा होती की एखाद्या साहेबाच्या बंगल्याचा तबेला, याचा कागद कुणाकडं नव्हता. पण बांधणी बोलत होती. दार एवढं रुंद की आत आख्खा माग न खोलता नेता यावा. खिडक्या उंचावर, म्हणून उजेड वरून यायचा आणि कागदावर हाताची सावली पडायची नाही. सोलापूरचा मे महिना ज्यानं काढला आहे त्याला जाड भिंतीची किंमत सांगायला नको. बाहेर पारा चव्वेचाळीसवर गेलेला असताना आत पुठ्ठा वाकत नसे. घोड्यांसाठी केलेली सोय माणसांच्या कामाला जशीच्या तशी उपयोगी पडली.

पागेत आबा एकटे नव्हते. दाराशी एक पेंटर होता. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, सिनेमाची पोस्टरं करायचा आणि संक्रांतीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेआधी त्याला श्वास घ्यायला फुरसत नसायची. मधल्या भागात एक सुतारमिस्त्री मागाचे धोटे आणि लाकडी सुटे भाग करायचा. मागं एक जण पेटी, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करायचा. त्याच्या बाजूला लोखंड घासणारा एक कारागीर. नक्षी मोठी करून काढायची तर पेंटर मदतीला यायचा. पेटीच्या भात्याला पातळ फळी हवी तर मिस्त्री द्यायचा. पुठ्ठे पाडायच्या यंत्राची सुई तुटली तर ती तिथल्या तिथं घासून मिळायची. या देवघेवीची नोंद कुठल्याच वहीत नव्हती, पण तिच्यावर पाच घरं चालत होती. स्वतंत्र पाच दुकानांत ही पाच माणसं बसली असती तर प्रत्येकाचा अर्धा दिवस रस्त्यात गेला असता.

थोरली आई मात्र पागेत यायला तयार नव्हती. तिची लष्कराची आठवण वेगळी होती. १९३० मध्ये ती परकरी पोर होती. त्या वर्षी ६ एप्रिलला सोलापूर नगरपालिकेनं आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढवला. मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली आणि शहर पेटलं. ८ मेला गोळीबार झाला. पुढं काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल उरलाच नव्हता. स्वयंसेवकच रस्त्यांवर व्यवस्था ठेवत होते. १२ मेपासून मार्शल लॉ लागला तो जूनअखेरपर्यंत. फौज पुन्हा सोलापुरात आली. डोक्यावर गांधी टोपी दिसली की ती उतरवायला लावत. थोरल्या आईच्या वडिलांनी आपली टोपी धान्याच्या कणगीत पुरून ठेवली होती आणि घरातल्या बायका दार लोटून बसत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. ती तारीख थोरल्या आईला पाठ होती. तिच्या मनात लष्कर म्हणजे सोजीर, आणि सोजीर म्हणजे भीती.

आबांनी पागेत काम थाटलं तेव्हा तिनं सांगितलं, "त्या जागी मी पाय ठेवनार न्हाई." पुष्कळ दिवसांनी ती आली, नारळ घेऊन. आत पाच माणसं आपापल्या कामात, भिंतीवर पुठ्ठ्यांच्या माळा, कोपऱ्यात पेटीचा सूर लावणं चाललेलं. तिनं भिंतीतल्या कडीला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "आता ही आपली झाली." एखाद्या शहराचा आपल्या जुन्या जखमेशी समेट कसा होतो, हे मी त्या एका वाक्यातून शिकलो. पुतळे हवेतच; चार हुतात्म्यांचे पुतळे चौकात उभे आहेत आणि ते पाहून आजही मान लवते. पण ज्या भिंतींनी दहशत पाहिली त्याच भिंतींत रोज सकाळी कुणी कुलूप उघडून कामाला लागतं, तेव्हा स्वातंत्र्य रोजच्या वापरात येतं.

कुलपाचा उल्लेख मी मुद्दाम केला. लोखंड घासणारा तो कारागीर सेटलमेंटमधला होता. इंग्रजांनी ज्या जमातींवर जन्मानं गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यांना सोलापुरातही तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. रोज हजेरी, बाहेर जायला परवानगी, आणि काम गिरणीत. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा शिक्का मारणारा कायदा रद्द झाला. सेटलमेंट फ्री कॉलनी ही वस्ती आजही शहरात आहे. त्या कारागिराचे वडील हजेरीला उभे राहिलेले. तो स्वतः पागेतल्या आपल्या कोपऱ्याला फळ्यांचं दार करून घेऊन त्याला कुलूप लावायचा आणि किल्ली कमरेच्या करदोट्याला बांधायचा. आबा सांगायचे, बाकी कुणी कुलूप लावत नव्हतं, त्याची गरजही नव्हती, पण त्याला कुणी कधी हसलं नाही. सरकारनं काम दिलं, जागाही दिली, तरी किल्ली दुसऱ्याच्या हातात असेल तर त्याला उपकारही म्हणता येत नाही. भाडेपट्टा म्हणजे मला ती करदोट्याची किल्ली वाटते.

आत्याची गोष्ट याच्या पुढची. ती लग्न होऊन कल्याणला गेली. सुटीत आम्ही तिच्याकडं गेलो की ती उल्हासनगरला कापड घ्यायला न्यायची. दुसऱ्या महायुद्धात तिथं कल्याणची लष्करी छावणी होती, हजारो सैनिकांसाठी बांधलेल्या दोन हजारांहून अधिक बराकी. युद्ध संपलं, फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या लाखभर माणसांना त्या बराकींत आणून सोडलं. पोत्यांचे, चादरींचे पडदे लावून एकेका बराकीत कितीतरी संसार. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी त्या गावाला उल्हासनगर नाव दिलं. आत्याची शेजारीण त्या पहिल्या पिढीतली. तिनं आत्याला सांगितलं होतं की त्यांच्या बराकीत आधी पापड लाटले गेले, मग शिलाई यंत्र आलं, मग त्याच जागी तिच्या दिरानं फर्निचरचं काम काढलं. आजही उल्हासनगरच्या पत्त्यात बराक क्रमांक लिहितात.

आत्या एक गोष्ट ठासून सांगायची. १९५४ च्या नुकसानभरपाई आणि पुनर्वसनाच्या कायद्यानं विस्थापितांना जागेची मालकी मिळण्याची वाट उघडली आणि जसजसा हातात कागद आला तसतसं माणसांनी पैसा यंत्रात घातला. कागद येण्याआधी पैसा ट्रंकेत असायचा, कारण उद्या उठवलं तर? त्याच गोष्टीची दुसरी बाजूही ती लपवायची नाही. बराकींवर मजले चढले, रस्ते आवळले गेले, अनधिकृत इमारतींचं दुखणं शहराच्या मानेवर बसलं. कागद दिला, पण जागेची देखभाल कुणी करायची, किती वाढवायचं, हे त्या कागदात पुरेसं बांधलेलं नव्हतं. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यातही युद्धकाळातल्या छावणीचं असंच झालं. १९४३ ते १९४८ तिथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. ते गेल्यावर त्याच जागेत सिंधी कुटुंबं आली आणि आजचं गांधीनगर, कापडाची मोठी घाऊक पेठ, उभं राहिलं. पणजीत पोर्तुगीजांच्या लष्करी क्वार्तेलच्या एका भागात मेनेझिस ब्रागांझा संस्थेचं कलादालन नांदलं. आपल्या मुलुखात हे नवीन नाही. फक्त बहुतेक वेळा ते गरजेनं, घाईनं, योजनेवाचून झालं.

योजना करून केलं तर काय होतं, हे अमेरिकेतल्या दोन जागांवरून समजतं. व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया शहरात नदीकाठी नौदलाचा पाणतीर बनवण्याचा कारखाना होता. पहिल्या महायुद्धातली युद्धबंदी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, १२ नोव्हेंबर १९१८ ला, त्याचं बांधकाम सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धात तो रात्रंदिवस चालला, नंतर सरकारी गोदाम झाला. १९६९ मध्ये शहरानं ती इमारत विकत घेतली आणि १९७४ मध्ये ती चित्रकार, शिल्पकार, कुंभारकाम आणि विणकाम करणाऱ्यांना कार्यशाळा म्हणून भाड्यानं दिली. जागा मिळवायची तर आधी कामाची पारख होते, आणि जागा मिळाल्यावर लोकांना काम करताना पाहू द्यावं लागतं. न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन नेव्ही यार्ड, म्हणजे नौदलाची जहाजगोदी, १८०१ पासूनचं. दुसऱ्या महायुद्धात तिथं सुमारे सत्तर हजार माणसं कामाला होती. १९६६ मध्ये ते बंद पडलं. शहरानं ते घेतलं, चालवायला नफा न कमावणारी वेगळी संस्था नेमली आणि जहाजांच्या त्या अवाढव्य शेडांत सुतार, धातूकाम करणारे, कपडे शिवणारे, नेपथ्य बांधणारे आले. आज तिथं शेकडो छोटे उद्योग आहेत. मोठ्या भाड्याच्या लोभानं त्या शेडांचे फ्लॅट करणं सोपं होतं. शहरानं मालकी सोडली नाही आणि वस्तू बनवणाऱ्यांसाठीच जागा राखली, म्हणून ते टिकलं.

आमची पागा टिकली नाही. आबांचं भाडं महिन्याच्या महिन्याला रोख जायचं, पावती कधी मिळाली, कधी नाही. करार नव्हता. मालकाच्या पुढच्या पिढीनं जागा विकायची ठरवली आणि पाचही जणांना सामान उचलायला सांगितलं. पुठ्ठे पाडायचं यंत्र भंगारात वजनावर गेलं. पेंटर घरी बसला. मिस्त्री मुलाकडं पुण्याला गेला. कुणी म्हणेल की संगणकावर नक्षी होऊ लागली होती, पाट्यांना फ्लेक्स आलं होतं, हे कधीतरी संपणारच होतं. मी ते मान्य करत नाही. माझ्या काकांनी नक्षीचं संगणकावरचं काम शिकून घेतलं होतं. त्यांना त्याच छपराखाली बसून पेंटरच्या नजरेचा आणि मिस्त्रीच्या हाताचा उपयोग हवा होता. यंत्र बदललं असतं, काम चालू राहिलं असतं. पाच माणसं पाच दिशांना गेल्यावर शिकण्याची साखळीच तुटली, कारण नवा पोरगा कुणाच्या हाताखाली बसणार?

लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात बंद पडली, नरसिंग गिरजी त्यानंतर. भोंगे थांबले. तरी सोलापुरात हात कमी नाहीत. चादर आणि टॉवेलचं नाव देशभर आहे, त्यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने वाढले आहेत. जॅकार्डची नक्षी जाणणारे, भिंतीवरच्या तसबिरी विणणारे, नंदीध्वजाचं काम करणारे, नाटकाचं नेपथ्य उभारणारे लोक आहेत. त्यांतले पुष्कळ जण राहत्या घराच्या पडवीत काम करतात. पोरं अभ्यासाला बसतात त्याच खोलीत मागाचा खडखडाट असतो. औद्योगिक वसाहतीतला भूखंड त्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे आणि गावापासून दूरही.

दुसरीकडं सार्वजनिक वास्तू आहेत. भुईकोट केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तिथं ठोकाठोक होता कामा नये. किल्ला किल्लाच राहावा. पण पट घटल्यानं ओस पडलेली पालिकेची शाळा, वापर संपलेलं गोदाम, जुन्या हद्दीत उरलेली दगडी बैठी इमारत अशा जागा कुठल्याही जुन्या शहरात असतात. बंद ठेवलेली इमारत पावसाळ्यागणिक खचते. आधी कौलं सरकतात, मग तुळई कुजते, मग कुणीतरी तिला धोकादायक ठरवतं. वापरातली इमारत टिकते, कारण गळती पहिल्याच दिवशी दिसते.

कायद्यानं हे करता येतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७९ नुसार आयुक्तांना महापालिकेच्या मंजुरीनं मिळकत भाडेपट्ट्यानं देता येते. त्याच कलमात अट आहे की मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी नसावा. ही अट योग्यच आहे, कारण तिच्यावाचून सार्वजनिक जागा वशिल्यानं कवडीमोल वाटल्या जातील. पण बाजारभाव ठरवताना इमारत कोणत्या कामाला, कोणत्या अवस्थेत देतो आहोत, हे पाहायला हवं. मोक्याच्या रस्त्यावरच्या दुकानगाळ्याचा भाव आणि आतल्या गल्लीतल्या, छप्पर दुरुस्तीला आलेल्या, फक्त कार्यशाळेसाठी राखलेल्या खोलीचा भाव एक असू शकत नाही. जाहिरातीतच वापर बांधून द्या, म्हणजे बोली लावायला दुकानदार येणारच नाही, कारागीर येईल. पोटभाडेकरू ठेवायला बंदी घाला. छप्पर, वायरिंग, स्वच्छतागृह यांवर भाडेकरूनं केलेला खर्च तपासून भाड्यातून वळता करा. जुन्या भिंतींना हात लावण्याआधी वास्तुरचनाकाराची परवानगी सक्तीची ठेवा. निवड करणाऱ्या समितीत एक विणकर असावा, एक चित्रकार असावा आणि एक बाई असावी, कारण आजीसारख्या पुठ्ठे ओवणाऱ्या बायकांचं काम निवडीच्या कागदांवर कधीच दिसत नाही. आणि एका इमारतीत एकाच धंद्याची माणसं भरू नका. पेंटर, मिस्त्री, शिंपी, पेटीवाला, नक्षीवाला शेजारी शेजारी हवेत. त्यांच्या शेजारात जे घडतं ते कुठल्याही प्रशिक्षण वर्गात घडवता येत नाही.

मुदतीचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी घेतला आहे, कारण सगळं तिथंच अडतं. अकरा महिन्यांच्या करारावर कुणी यंत्र बसवत नाही. फार तर टेबल-खुर्ची टाकेल. उल्हासनगरच्या बाईला कागद मिळेपर्यंत पैसा ट्रंकेत ठेवावा लागला आणि आबांना कागद नसल्यानं पागा सोडावी लागली. निदान दहा वर्षांचा पट्टा हवा, ठरलेल्या अटी पाळल्या तर आणखी दहा वर्षं वाढणारा, आणि दर काही वर्षांनी भाडं किती वाढेल हे पहिल्याच दिवशी लिहिलेलं.

हे सोलापूर महानगरपालिकेला पटवून द्यायला लांब जावं लागू नये. तिचं मुख्यालय इंद्रभुवनात आहे आणि इंद्रभुवन हा मुळात अप्पासाहेब वारदांचा राहता वाडा. एका घराची वास्तू आख्ख्या शहराच्या कारभाराला लावता येते, हे तिनं स्वतः करून दाखवलं आहे. आता एकच इमारत निवडावी, मोठा समारंभ न करता तिचं छप्पर नीट करावं आणि पाच धंद्यांच्या पाच माणसांना रीतसर पट्टे द्यावेत. यंत्र जागेवर बसायला, हाताखाली पोरगं तयार व्हायला आणि गिऱ्हाइकाला पत्ता पाठ व्हायला वर्षं लागतात. कारागीर कष्ट घालतो, पदरचे पैसे घालतो, पण ती वर्षं त्याला स्वतःच्या बळावर मिळवता येत नाहीत. ती पालिकेनं द्यायची असतात, कागदावर, सही-शिक्क्यानिशी.